नजरेची जयणा

श्वेतांबर परंपरेतील ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमग्रंथात मल्ली राजकुमारीची कथा येते. तिचा धाकटा भाऊ मल्लदिन्न याने मिथिलेत एक चित्रशाळा उभारली. तेथे काम करणाऱ्या एका चित्रकाराला विलक्षण सिद्धी होती. एखाद्याचा एक अवयव जरी दृष्टीस पडला, तरी त्यावरून तो संपूर्ण आकृती हुबेहूब उतरवीत असे. पडद्याआडून त्याला मल्लीच्या पायाचा अंगठा दिसला आणि त्याने चित्रशाळेत तिचे पूर्ण चित्र काढले. राजपुत्र चित्रशाळा पाहावयास आला, तेव्हा थोरली बहीण प्रत्यक्ष समोर उभी आहे असे वाटून तो संकोचाने मागे सरला. हे चित्र आहे असे कळताच चित्रकाराला प्रथम देहदंड आणि मग हद्दपारीची शिक्षा झाली. तो हस्तिनापुरास गेला, तेथील राजाला त्याने मल्लीचे चित्र दाखविले, आणि मोहित झालेल्या राजांच्या मागण्यांतून अखेरीस मिथिलेवर स्वारी ओढवली. मल्लीने ती कशी थांबविली, हे सर्वश्रुत आहे. स्वतःसारखी दिसणारी एक पोकळ सुवर्णप्रतिमा तिने घडवून घेतली होती व तिच्यात ती रोज अन्नाचा एक घास टाकीत असे. सहा राजांसमोर त्या प्रतिमेचे झाकण उघडले गेले, दुर्गंधी पसरली आणि देहाच्या मोहाचे स्वरूप त्यांना उमगले.

या कथेत प्रतिमा दोनदा येते. पहिली नकळत आणि परवानगीवाचून काढलेली. तिच्यातून मोह आणि युद्ध निपजते. दुसरी जिची तिनेच, हेतू ठरवून घडविलेली. तिच्यातून विवेक जागा होतो. पाणी गाळताना, धान्य निवडताना, चूल पेटविताना जैन गृहस्थ जी काळजी घेतो, तिला जयणा म्हणतात. पाहणे आणि दाखविणे हीसुद्धा कृतीच आहे, म्हणून तिलाही जयणा हवी, असे ही कथा सुचविते. त्या चित्रकाराची सिद्धी आज प्रत्येकाच्या खिशात आहे. अशा वेळी खानदेशात ज्यांनी कॅमेरा मनापासून हाताळला, त्यांनी कोणत्या विचाराने हाताळला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

भुसावळला विसावलेला चित्रकार

जळगावच्या कुटुंबांना अजिंठा घरच्यासारखा. पाहुणे आले की लेणी दाखविणे ठरलेलेच. परंतु या लेण्यांसाठी उमेदीची वर्षे वेचणारा रॉबर्ट गिल भुसावळला चिरविश्रांती घेत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गिल हा मद्रास सैन्यातील अधिकारी. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमले. अजिंठा गावात मुक्काम ठोकून तो जवळजवळ दोन दशके तैलरंगांत प्रतिकृती करीत राहिला. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आल्या आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या.

दरम्यान १८५० च्या दशकातच गिलने कॅमेरा हाती घेतला होता. जेम्स फर्ग्युसन या वास्तुइतिहासकाराच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांचे ‘द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी छायाचित्र काढणे हे अंगमेहनतीचे काम होते. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यावा लागे, ती काच चांदीच्या क्षारात बुडवावी लागे, आणि थर ओला आहे तोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, छायाचित्र घेऊन ती काच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. खानदेशच्या उन्हाळ्यात हा ओला थर किती लवकर सुकत असेल, याची कल्पना भुसावळकरांना सहज येईल.

त्या काचेची आणखी एक मोठी मर्यादा होती. तिला मुख्यतः निळा प्रकाशच कळे. गेरूचा तांबडा आणि मातीचा पिवळा रंग तिच्यावर जवळजवळ काळाच उमटे, आणि अजिंठ्याच्या चित्रांचा जीव तर याच रंगांत आहे. त्यामुळे रंगांचे काम कुंचल्याकडे राहिले, आणि गिलचा कॅमेरा मुख्यतः स्तंभ, कमानी, दर्शनी भाग व शिल्पे यांच्याकडे वळला. दोन भिंगांनी एकाच वेळी दोन चित्रे घ्यायची आणि ती विशिष्ट दर्शकातून पाहिली की खोली भासावी, अशी त्रिमितीय छायाचित्रे त्याने मोठ्या संख्येने काढली. लेणे म्हणजे डोंगरात कोरलेली पोकळी. तिची खोली सपाट चित्रात हरवते. म्हणून ती जपणारे साधन त्याने निवडले. साधनाला जे जमत नाही ते त्याच्याकडून ओढून घ्यायचे नाही आणि जे जमते ते पूर्ण निष्ठेने करायचे, हा त्या कामातून दिसणारा विचार आहे. १८७९ मध्ये आजारी अवस्थेत भुसावळकडे नेले जात असताना गिलचा मृत्यू झाला. रंगीत प्रतिकृती बहुतांशी राख झाल्या. छायाचित्रे मात्र छापली गेली होती, त्यांच्या अनेक प्रती निघाल्या होत्या, म्हणून ती टिकली. एकाच ठिकाणी सारा माल ठेवू नये, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

चाळीसगावचे दिग्व्रत

गिल परदेशातून येथे आला. चाळीसगावचे केकी मूस परदेश पाहून येथे परतले आणि मग हललेच नाहीत. कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. प्रकाशाला पवित्र मानणाऱ्या परंपरेत जन्मलेल्या या मुलाने पुढे प्रकाशालाच आपले माध्यम केले. मुंबईतील विल्सन कॉलेजातील शिक्षणानंतर त्यांनी इंग्लंडमध्ये व्यावसायिक चित्रकलेचे शिक्षण घेतले, परदेश प्रवास केला आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते चाळीसगावला आले. स्थानकाजवळच्या घरात त्यांनी पुढची सुमारे पन्नास वर्षे काढली. ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. या अर्धशतकात ते घराबाहेर पडले ते अगदी मोजक्या वेळा. त्यांतील एक प्रसंग विनोबा भावे यांचे छायाचित्र घेण्याचा होता.

या एकांतामागे एक प्रेमकथा सांगितली जाते. एका तरुणीने पंजाब मेलने चाळीसगावला येईन असे वचन दिले होते, आणि मूस रोज रात्री त्या गाडीच्या वेळी घरातील दिवे उजळून, दोघांचे जेवण मांडून वाट पाहत, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या बोलले जाते. योगायोग असा की पंजाब मेल मुंबईहून प्रथम धावली तीही १९१२ मध्येच. कथा हृदयस्पर्शी आहे आणि म्हणूनच तिने मूस यांच्या कामाला झाकून टाकले आहे. चाळीसगावचे नाव सांगितले की लोकांना न आलेली गाडी आठवते. त्या घरात जे निर्माण झाले त्याकडे लक्ष कमी जाते.

मूस यांची ख्याती ‘टेबलटॉप’ छायाचित्रणासाठी झाली आणि त्यासाठी त्यांना देशविदेशांतील अनेक पारितोषिके लाभली. या प्रकारात छायाचित्रकार दृश्याच्या शोधात रानावनात हिंडत नाही. तो एका मेजावर दृश्य रचतो. मिठाचा बर्फ होतो, आरशाच्या तुकड्याचे सरोवर होते, कापसाचे ढग होतात, चुरगळलेल्या कागदाचे डोंगर आणि चाळलेल्या रेतीचे वाळवंट होते, ही या प्रकारातील सर्वत्र रूढ साधने. खानदेशातील कोणत्याही पेठेत दोन दुकाने फिरले तर यातील बहुतेक सामान मिळेल, आणि कापूस तर घरचाच. पुढचे सारे काम प्रकाशाचे असते. भिंग मेजाच्या पातळीवर खाली आणले की वीतभर उंचीचा कागद पर्वतासारखा दिसू लागतो. दिवा एका बाजूला, खाली धरला की सावल्या लांबतात आणि दृश्यात पहाट किंवा संध्याकाळ अवतरते. जवळची आणि दूरची वस्तू सारखीच स्पष्ट हवी असेल तर भिंगाचे तोंड बारीक करावे लागते. तोंड बारीक केले की प्रकाश कमी येतो, म्हणून झडप काही सेकंद उघडी ठेवावी लागते. तेवढा वेळ दृश्यातील काहीही हलता कामा नये. झडप उघडण्यापूर्वी सारा विचार पुरा झालेला असावा लागतो.

बारा श्रावकव्रतांत दिग्व्रत हे गुणव्रत आहे. गृहस्थ प्रत्येक दिशेला आपण कोठवर जाऊ याची मर्यादा ठरवितो. त्या मर्यादेपलीकडची आसक्ती आणि तिच्यामुळे होणारा आरंभ आपोआप थांबतो. मूस यांनी असे कोणतेही व्रत घेतले नव्हते. त्यांचा धर्म निराळा होता आणि एकांताची कारणे त्यांची स्वतःची होती. संसारी माणसाने तसा एकांत अंगीकारावा, असेही कोणी म्हणणार नाही. एकाकीपणाची किंमत मोठी असते. परंतु मर्यादेने काय साधते याचे इतके स्पष्ट उदाहरण खानदेशात दुसरे सापडणे कठीण. बाहेर जाण्याच्या वाटा मिटल्या, तेव्हा मीठ आणि कापूस यांच्याकडे पाहण्याची दृष्टी सूक्ष्म झाली. छायाचित्रणाबरोबर चित्रकला, शिल्प आणि काष्ठकाम यांतही त्यांचा हात चालला. त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने ते घर आणि संग्रह कलादालन म्हणून जपला आहे. सोन्याचा भाव पाहण्यासाठी जळगावला आणि मालाच्या खरेदीसाठी मुंबईला जाणारी कुटुंबे चाळीसगाव स्थानकावरून वर्षानुवर्षे जातात. त्यांतील किती जणांनी ते दालन पाहिले असेल?

डोंगरातील झिजलेली मुखे

चाळीसगाव तालुक्यातच पाटणादेवीच्या परिसरात ‘नागार्जुन कोठडी’ या नावाने ओळखले जाणारे जैन लेणे आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात भामेरच्या डोंगरातही जैन लेणी आहेत. त्याच तालुक्यातील बळसाणे येथे विमलनाथ भगवानांचे तीर्थ आहे. यात्रेकरू तेथे नित्य जातात. परंतु गावातील प्राचीन पाषाणमंदिरांपर्यंत त्यांतील थोडेच पोहोचतात. पुरातत्त्व विभागाचे हेन्री कझिन्स यांनी या मंदिरांची पाहणी करून त्यांची छायाचित्रे व वर्णने १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात समाविष्ट केली. एखादा स्तंभ कधी कलला, एखादी मूर्ती कधी नाहीशी झाली, हे ठरविताना अशी जुनी छायाचित्रे साक्षीदाराचे काम करतात.

झिजलेल्या पाषाणाचे छायाचित्र काढण्यात एक मर्म आहे आणि ते जाणकार छायाचित्रकार पाळतात. समोरून फ्लॅश मारला की मूर्तीचे मुख सपाट होते. जे थोडे उठाव शिल्लक असतील तेही पुसले जातात. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपे येते, तेव्हा भुवईची रेघ, मस्तकावरील नागफणांची कड, पद्मासनातील पावलांची वळणे हळूहळू वर येतात. शंभर वर्षांपूर्वी कोरीव काम ओळखू येत होते आणि आज येत नाही, असे वाटते, तेव्हा अनेकदा दोष पाषाणाचा नसून दुपारच्या उन्हाचा असतो. तिरप्या उन्हाची ती वीस मिनिटे मिळावीत म्हणून छायाचित्रकाराला पहाटे निघून डोंगर चढावा लागतो. धुळे-जळगाव परिसरातील हौशी छायाचित्रकारांनी जिल्ह्यातील लेण्यांतील प्रत्येक मूर्तीची अशी पद्धतशीर नोंद केली आणि एखाद्या संघाने तिच्या खर्चाचा भार उचलला, तर तीर्थरक्षणाचे ते मोलाचे काम ठरेल. पाऊस, शेवाळ आणि नावे कोरणारे हात यांना थांबून राहण्याची सवय नसते.

फ्लॅशविना

जळगावला जैन हिल्सवर भवरलाल जैन यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले गांधीतीर्थ २५ मार्च २०१२ रोजी लोकांसाठी खुले झाले. गांधीजींच्या आश्रमजीवनाची जी छायाचित्रे जगभर पोहोचली आहेत, त्यांतील कितीतरी त्यांचे नातू-पुतणे कनू गांधी यांनी टिपलेली आहेत. सेवाग्राममध्ये छायाचित्रे काढण्याची परवानगी देताना गांधीजींनी त्यांना तीन अटी घातल्या होत्या : फ्लॅश वापरायचा नाही, कोणालाही मुद्दाम उभे राहावयास सांगायचे नाही, आणि आश्रम या कामासाठी पैसा देणार नाही. या अटींनी छायाचित्रकाराचे हात बांधले गेले, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात त्यामुळेच त्या छायाचित्रांत बनाव राहिला नाही. चरख्यासमोरचा, चालताना पाठमोरा दिसणारा, खिडकीच्या उजेडात पत्र लिहिणारा माणूस त्यांत जसाच्या तसा राहिला.

यातील पहिल्या दोन अटी जैन वाचकाला ओळखीच्या वाटतील. विजेच्या प्रकाशाने अग्निकायाच्या जीवांची विराधना होते, अशी श्रद्धा असलेले साधू-साध्वी फ्लॅश किंवा प्रखर दिवे चालू देत नाहीत. कित्येक जण छायाचित्रच काढू देत नाहीत. स्थानकात व्याख्यान सुरू असताना पंधरा-वीस मोबाइल उंचावलेले दिसतात, तेव्हा या नियमाची आठवण करून द्यावी लागते, ही खेदाची गोष्ट. चातुर्मासाचे छायाचित्रण करणाऱ्या स्थानिक छायाचित्रकारांपैकी जे जाणते असतात, ते आधी संघाच्या कार्यकर्त्यांना विचारतात, मागच्या बाजूला उभे राहतात आणि नैसर्गिक उजेडावर भागवितात. असा छायाचित्रकार कमी छायाचित्रे देईल. ती देताना त्याने काय टाळले, याचीही किंमत यजमानाने ओळखावी.

तपस्येचा वरघोडा, मासखमणाचे पारणे, दीक्षेचा समारंभ यांबाबत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाने अठ्ठाई केली, तर त्याच्या कोमेजलेल्या मुद्रेचे चित्र शेकडो अनोळखी लोकांपर्यंत पोहोचविणे, हे त्याच्या तपाची अनुमोदना ठरेल की त्याच्या तपाचे प्रदर्शन? मुलीच्या लग्नात तिची हळद, तिचे रडणे, तिची खोली कोणी किती टिपावी, हे तिला विचारले जाते काय? मल्लीला कोणी विचारले नव्हते. समारंभाचे काम ठरविताना दराबरोबर या गोष्टीही बोलून घ्याव्यात : कोठे कॅमेरा जाणार नाही, कोणती चित्रे घराबाहेर जाणार नाहीत, आणि छायाचित्रकार आपल्या जाहिरातीसाठी काय वापरू शकेल. चांगल्या छायाचित्रकाराला अशा स्पष्टतेचा राग येत नाही. उलट काम सोपे होते.

चांदी, जिलेटिन आणि हिंसेचा हिशेब

जिलेटिनची कॅप्सूल टाळणाऱ्या आणि मिठाईवरील वर्खाची चौकशी करणाऱ्या कुटुंबांत छायाचित्राबद्दलची एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. छायाचित्राचा जुना कागद आणि फिल्म ही जिलेटिनवर उभी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागदावरील छाप अंड्याच्या पांढऱ्या बलकाने लेपलेल्या कागदावर काढले जात. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये धरून कोरडी काच तयार करण्याची रीत सुचविली. पुढे काचेची फिल्म झाली, काळ्यापांढऱ्याचा रंगीत फोटो झाला, तरी जिलेटिन कायम राहिले. आणि ते मिळते जनावरांच्या हाडांतून व कातड्यांतून. १९२० च्या दशकात कोडॅक कंपनीच्या संशोधकांना असे आढळले की काही जिलेटिनमुळे फिल्म अधिक संवेदनशील होते, ती त्यात राहिलेल्या गंधकाच्या सूक्ष्म अंशामुळे, आणि तो अंश जनावरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतून आलेला असतो. गाय काय चरली, यावर फोटोचा उजेड अवलंबून होता.

डिजिटल कॅमेऱ्याने फिल्म हटविली आणि हा भार बराच हलका केला. मात्र लॅबमध्ये रासायनिक कागदावर निघणाऱ्या रंगीत प्रतींत जिलेटिन आजही असते. हे सांगण्यामागे घरातील पूर्वजांची चित्रे त्याज्य ठरविण्याचा हेतू नाही. जे आहे ते आदराने जपावे. नवे छाप काढताना मात्र, पाण्याचा थेंब वापरताना जो विचार असतो, तोच असावा : जरुरीपुरते. जुन्या रोलवर बारा किंवा छत्तीस चित्रे मावत, म्हणून छायाचित्रकार बोट दाबण्यापूर्वी विचार करी. आता मर्यादा घालणारा रोल उरला नाही. ती स्वतःलाच घालून घ्यावी लागते. एका लग्नाची पाच हजार छायाचित्रे घरी येतात आणि वर्षभरात ती कोणी उघडत नाही, हा परिग्रहच होय. पाच हजारांतून दोनशे निवडून देणारा छायाचित्रकार मिळाला, तर त्याला निवडीचेही मोल द्यावे.

वहीत नोंद नसलेला व्यवहार

धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या जुन्या पेठेत एके काळी स्टुडिओला जाणे हा कुटुंबाचा सोहळा असे. रंगविलेला पडदा, कोरीव खुर्ची, शेजारी फुलदाणीचे तिवई-टेबल, तिकाटण्यावर मोठा लाकडी कॅमेरा आणि काळ्या कापडाखाली शिरलेला छायाचित्रकार. त्या स्टुडिओवाल्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, पण त्यांच्या कामामागे एक स्पष्ट विचार होता : माणूस येथे येतो तेव्हा त्याला त्याच्या सर्वोत्तम रूपात आणि मानाने पुढील पिढ्यांसमोर उभे करायचे. म्हणून आजोबांच्या हाती वही किंवा काठी येई, पागोटे नीट केले जाई, हनुवटी किंचित वर घ्यावयास सांगितले जाई. नंतर तो निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या थोड्या मऊ करी. सगळ्या पुसत नसे, कारण सुरकुत्या गेल्या तर आजोबाच जातील हे त्याला कळत असे. पेढीवर गादीच्या मागे हार घालून लावलेली चित्रे अशाच हातांनी घडविलेली आहेत.

त्या स्टुडिओंतील अनेक आता बंद झाले किंवा त्यांचे झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचे दुकान झाले. जुन्या काचा आणि निगेटिव्ह ठेवावयास जागा नाही, त्यांना गिऱ्हाईक नाही. फिल्ममधील चांदीसाठी निगेटिव्ह भंगारात जातात, काचा पुसून दुसऱ्या कामाला लागतात. सराफी ज्या शहरांचा अभिमान, तेथे आजोबांची मुद्रा चांदीच्या भावाने जावी, हे शोभणारे नाही. एखाद्या जुन्या स्टुडिओचा वारस संग्रह काढून टाकण्याच्या विचारात असेल, तर समाजातील कोणी तरी वेळेत त्याच्याकडे जावे, संग्रह पाहावा, आणि जुन्या कागदपत्रांची व फोटोंची कदर करणाऱ्या संस्थेपर्यंत तो पोहोचवावा.

घरातील चित्रांचे काम तर घरीच करता येते. चिकट पानांच्या अल्बममधील फोटो शक्य तेवढे अलगद सोडवून कागदी पाकिटांत ठेवावेत. पत्र्याची पेटी उन्हाळ्यात तापते आणि पावसाळ्यात आत ओल धरते. म्हणून फोटो कोरड्या, हवेशीर, अंधाऱ्या कपाटात ठेवावेत, कारण ओल लागली की जिलेटिन फुगते व त्यावर बुरशी चढते. रंगीत फोटो काळ्यापांढऱ्यापेक्षा लवकर फिके पडतात, म्हणून स्कॅन करण्यास त्यांच्यापासून सुरुवात करावी. स्कॅन झाले म्हणून मूळ प्रत टाकू नये. स्कॅनच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. गिलच्या प्रतिकृतींचे काय झाले, ते विसरू नये.

सर्वांत महत्त्वाचे काम सर्वांत स्वस्त आहे. व्यापारी कुटुंबात वहीत नोंद नसलेला व्यवहार कोणी धरीत नाही. तारीख, नाव, रक्कम, साक्ष, सारे लिहिलेले लागते. मग पाठीमागे काहीही न लिहिलेला फोटो घरात कसा चालतो? मधोमध बसलेली ती नऊवारीतील बाई कोण, मांडीवरचे मूल कोणाचे, हे ठिकाण धुळ्याचे की अमळनेरचे, हे आज घरातील एका-दोघांनाच सांगता येते, आणि ती माणसे ऐंशीच्या पुढची आहेत. यंदा दिवाळीत वीर निर्वाणाच्या दिवशी वहीपूजन झाले की ती पेटी खाली काढावी. आजीजवळ बसून एकेक फोटो हाती द्यावा आणि ती सांगेल ते नाव, गाव, वर्ष मऊ पेन्सिलीने फोटोच्या मागे लिहावे. बॉलपेन वापरू नये, त्याचा दाब पुढे उमटतो. आजीला जे आठवणार नाही तेथे जागा मोकळी सोडावी. अंदाजाने काही भरू नये.